रडकी तुकडी

जूनमध्ये आमच्या संस्थेचं बालमंदिर उघडलं की पहिले पंधरा दिवस शेजारच्या झेरॉक्सवाल्याला गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू येत नाही. साठ-सत्तर पोरं एकदम रडत असतात. तीन-साडेतीन वर्षांची. आईनं फाटकाशी सोडायचं आणि मागं वळून बघायचं नाही, असा आमचा नियम. पोरं गजाला धरून असा टाहो फोडतात की वीस वर्षं इथं मदतनीस असलेली साखराबाईसुद्धा दर जूनला डोळ्याला पदर लावते.

बहुतेक पोरं आठवड्यात गप्प होतात. जी होत नाहीत ती माझ्याकडं येतात. मागच्या बाजूला मोडक्या बाकांच्या खोलीला लागून एक वर्ग आहे. कागदोपत्री तो 'समायोजन वर्ग'. बाकी सगळे त्याला रडकी तुकडी म्हणतात, शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत. मी मंजुश्री. निलंग्याजवळच्या खेड्यातली. लातूरला बी.ए. करते, जोडीला बालशिक्षणाची पदविका, आणि 'कमवा आणि शिका' योजनेतून रोज सकाळी तीन तास या खोलीत काम करते. कमाई किती ते विचारू नका. शिकण्याचंच सांगते.

रडकी तुकडीचा कायदा सोपा होता. पोर रडायचं थांबलं की त्याच दिवशी त्याला उचलून पुढच्या वर्गात न्यायचं, वर्षाराणी मॅडमकडं. त्या बालमंदिराच्या प्रमुख, आणि आमच्या पदविकेलाही शिकवायच्या. म्हणजे रडतंय तोवर पोर माझं आणि हसायला लागलं की त्यांचं. पंधरा दिवस खांद्यावर घेऊन फिरवलेलं पोर सोळाव्या दिवशी त्यांच्या वर्गात टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं, आणि पालकसभेत आया मॅडमचे हात हातात घेऊन आभार मानायच्या. मी तेव्हा खुर्च्या मांडत असायचे. राग यायचा. अजून येतो.

म्हणून मला एकच गोष्ट हवी होती. जूनपासून एप्रिलपर्यंत कुणी उचलून नेणार नाही असा माझा स्वतःचा वर्ग. संस्था उदगीरला नवं बालमंदिर काढणार होती. तिथल्या शिक्षिकेच्या जागेला पदविका आणि दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागणार होता. माझी दोन वर्षं एप्रिलला भरत होती. फक्त दाखल्यावर 'अध्यापन' असं लिहून खाली मॅडमची सही हवी होती.

एक गोष्ट मात्र मला त्या खोलीनं शिकवली, पदविकेच्या कुठल्याच पेपरात ती नव्हती. पोर दोन तऱ्हांनी गप्प होतं. एक रमून आणि एक हरून. रमलेल्या पोराचे हात चालू असतात, ते काहीतरी खेचतं, सोलतं, नाकात घालतं. हरलेलं पोर हात मांडीवर ठेवून बसतं. त्याला कळलेलं असतं की रडून कुणी येत नाही. शाळेला दोन्ही सारखीच, कारण दोन्हींचा आवाज येत नाही. पण मॅडमनी हरलेलं पोर मागितलं तर मी ते चार दिवस लपवून ठेवायचे, काहीतरी कारण सांगून.

वाकळ मला पहिल्या वर्षी सुचली. लहानपणी आई रानात गेली की मी तिच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळीवर पालथी पडायचे, तिथं तिचा वास असायचा. मी रडक्या तुकडीतल्या आयांना सांगितलं, तुमच्या अंगावरचं जुनं कापड द्या, वीतभर पुरे, आणि हात जोडते, धुऊन देऊ नका. कुणी साडीचा तुकडा दिला, कुणी गाऊनची बाही, कुणी ओढणी. ते जोडून मी वाकळ शिवली आणि खोलीत अंथरली. ज्याच्या त्याच्या आईच्या तुकड्यावर ज्यानं त्यानं बसायचं. पहिल्याच दिवशी दोघंजण झोपले. उठताना काही लागलं असेल ते झटकायचं आणि वाकळीची घडी सगळ्यांनी मिळून घालायची, हेही मी शिकवलं. पुढच्या वर्गात गेलेली पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत येऊन आपल्या तुकड्यावर दोन मिनिटं बसून जायची. एप्रिलला मी टाके उसवले आणि ज्याचा त्याला तुकडा परत दिला.

मॅडमनी तेव्हा दारातूनच बघितलं होतं. "हे काय चिंध्यांचं दुकान मांडलंयस, मंजुश्री? पालक इंग्लिश मिडियमचे पैसे भरतात."

दुसऱ्या वर्षी वाकळ मोठी झाली, एकोणीस तुकड्यांची. त्यातला एकोणिसावा अरीबचा.

जुलैत त्याला त्याची दादी बेगमबी घेऊन आली. तिच्या मुलाचं, मकबूलचं, गाद्या भरायचं दुकान आहे. अरीबची आई आदल्या वर्षी बाळंतपणात गेली. पोर रडायचं ते आवाज न करता, नुसता श्वास अडकायचा. हातात हिरव्या ओढणीचा एक तुकडा, बारीक चंदेरी टिकल्यांचा, मधोमध ठिणगीनं पडलेलं भोक. त्या भोकात बोट घालून तो उभा होता.

"ह्याच्या अम्मीची एवढीच निशाणी राहिली बघ," बेगमबी म्हणाली. "बाकी कपडे देऊन टाकले, रिवाजच हाय तसा. हे जळकं म्हणून कुणी नेलं न्हाई. वाकळीला लावतीस तर लाव. पण परत देतीस ना, बेटी?"

"देते, दादी. एप्रिलला उसवून तुमच्या हातात देते."

मग तिनं वाकळ उलटी करून बघितली आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला, किती मोठे टाके घातलीस! पोरं पाय घासत्यात, आठ दिवसांत उसवंल की." माझ्या हातातून सुई घेऊन ती तिथंच बसली आणि नातवाचा तुकडा तिनं स्वतः जोडला, मुंगी चालल्यासारखे बारीक टाके. खालून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा. अरीब त्यावर बसला, बोट भोकात घातलं. नवव्या दिवशी त्यानं दुसऱ्या हातानं शेजारच्या पोरीचा डबा ओढला. मला इतका आनंद झाला की मी त्याला रागावलेच नाही.

डिसेंबरात एक पत्रक आलं. नांदेडला एका शिक्षणसंस्थेनं बालशिक्षणातल्या नवोपक्रमांची विभागीय स्पर्धा ठेवली होती. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या खोलीत आत आल्या, चप्पल काढून.

"आपल्या या उपक्रमाला नाव काय द्यायचं गं?" त्या म्हणाल्या.

कालपर्यंतच्या चिंध्या आज 'आपला उपक्रम' झाल्या होत्या. मला तरीही बरं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, चला, दाखल्याचं काम झालं. त्यांनी वाकळ धुऊन इस्त्री करायला सांगितली. मी म्हणाले, मॅडम, धुतली तर वास जाईल. त्या म्हणाल्या, अगं, परीक्षक हुंगणार आहेत का? मी धुतली. हॉस्टेलच्या मोरीत, माझ्याच हातानं, दोन पाण्यांत. त्यानंतर पोरं वाकळीवर बसली, पण पालथं कुणी पडेना.

नांदेडला आम्ही संस्थेच्या जीपनं गेलो. वाकळ माझ्या मांडीवर. अहमदपूर गेल्यावर मॅडमनी सांगितलं, "बोलायचं काम माझं. तू फक्त पसरून दाखव." मी हाव म्हटलं. आमच्याकडं गुरूच्या पुढं बसून बोलत नाहीत. मोठं माणूस बोलत असताना आपल्या कामाचं श्रेय आपणच घेणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा, हे माझ्या हाडामांसात मुरलेलं आहे. आणि दाखला त्यांच्या सहीचा होता. यातलं किती संस्कारामुळं आणि किती भीतीमुळं, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

परीक्षकांमध्ये तारामतीबाई म्हणून एक निवृत्त शिक्षणाधिकारी होत्या. जाड चष्मा, पायात कापडी बूट. त्या खुर्चीवरून उठल्या, जमिनीवर मांडी घालून वाकळीजवळ बसल्या आणि एकेक तुकडा चाचपून बघू लागल्या. मॅडम सांगत होत्या, माझी मुलगी लहान असताना माझ्या साडीशिवाय झोपायची नाही, त्यावरून मला हे सुचलं. मी मान खाली घालून वाकळीचा कोपरा धरून उभी होते.

तारामतीबाईंचं बोट हिरव्या तुकड्यापाशी थांबलं. "हा जळका कुणाचा?"

मॅडम एक क्षणही अडखळल्या नाहीत. "ही आई फार गोड आहे हो. लग्नातली ओढणी कापून दिली तिनं. अजूनही येऊन भेटते, म्हणते मॅडम, तुम्ही माझ्या बाळाला सांभाळलंत."

सभागृहात टाळ्या वाजल्या. तारामतीबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या. "आणि बाळ, तुझं यात काय काम?"

असं कुणी परत विचारणार नाही हे मला तेव्हाच कळत होतं. त्या बाई खऱ्या मनानं विचारत होत्या. दोन वाक्यं पुरली असती. ती आई आता नाही, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तरी चाललं असतं. मॅडम माझ्याकडं बघून हसत होत्या.

"मॅडमनी सांगितलं तसं केलं," मी म्हणाले. "मी फक्त शिवलं."

तेही पुरतं खरं नव्हतं. अरीबचा तुकडा बेगमबीनं शिवला होता.

तारामतीबाईंनी 'बरं' म्हणून वहीत काहीतरी लिहिलं आणि उठल्या. आम्हाला पहिलं पारितोषिक मिळालं. परतताना मॅडमनी लोह्याला जीप थांबवून मला भजी खाऊ घातली. "तू फार समजूतदार आहेस," त्या म्हणाल्या. मी भजी खाल्ली.

जानेवारीत वाकळ काचेच्या चौकटीत बसली. ओसरीच्या भिंतीवर, फाटकातून आत आलं की समोरच. खाली पितळी पट्टी, त्यावर उपक्रमाचं नाव, मॅडमचं नाव आणि संस्थाचालकांचं नाव. पाहुणे आले की फोटो तिथंच काढतात. माझ्या खोलीत तिच्या जागी गुळगुळीत निळी प्लास्टिकची चटई आली. पहिले काही दिवस पोरं मधल्या सुट्टीत ओसरीवर जाऊन चौकटीखाली उभी राहायची आणि आपापला तुकडा दाखवायची, ह्यो माझा, ह्यो माझा. काचेला हाताचे ठसे पडतात म्हणून साखराबाईला त्यांना हाकलायचं काम लागलं. अरीब एकटाच बोट दाखवायचा नाही. नुसता बघायचा. फेब्रुवारीत त्यानं बघणंही सोडलं. मॅडमच्या वर्गात दंगा नाही, हट्ट नाही, डबा संपवायचा, सांगितलं तिथं बसायचा. हात मांडीवर. मी ते बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं, कारण एप्रिल जवळ आला होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यालयातल्या महादेवप्पांनी मला बोलावून दाखला दिला. मी तो तिथंच उभ्यानं वाचला. 'सदर विद्यार्थिनीने कमवा आणि शिका योजनेअंतर्गत दोन वर्षे शिवणकाम व वर्गस्वच्छतेचे काम समाधानकारकरीत्या केले.'

"अप्पा, हे काय लिहिलंत?"

"मी कशाला लिव्हतो, अक्का," महादेवप्पा म्हणाले. ते भले माणूस आहेत, माझ्याकडं बघेनात. "नांदेडचा अहवाल फायलीत लागलाय. तुझ्या तोंडचं वाक्य हाय त्यात, मी फक्त शिवलं म्हणून. त्याच्यावरूनच मॅडमनी मजकूर दिला."

मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले. आवाज चढला होता माझा, बाहेर दोन पालक बसले होते त्यांनी मान वळवून बघितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंजुश्री, विचार कर. मी तिथं अध्यापन लिहिलं, आणि उद्या कुणी विचारलं की मग या वर्गात शिकवत कोण होतं, तर? पारितोषिकाचा प्रश्न आहे. तुझ्याविरुद्ध माझं काही नाही." मग त्या थोड्या पुढं झुकल्या. "बघू. शब्द बदलता येतील. आधी त्या अरीबच्या आजीचं मिटव. दोनदा येऊन गेली, तुकडा मागते. ती चौकट काही आता उघडता येत नाही. बाकीच्या आयांना मी समजावलं, त्यांना उलट अभिमान वाटतो. हिलाच कळत नाही. तू गंजगोलाईतून तसंच कापड आण आणि दे. तुला शिवायची हौस आहेच."

बाकीच्या पोरांच्या आया जिवंत होत्या म्हणून त्यांना अभिमान परवडत होता, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं. ओठांवरच राहिलं.

मी गंजगोलाईत गेले. सहा दुकानं पालथी घातल्यावर तोच हिरवा रंग मिळाला, टिकल्याही तशाच. खोलीवर आणून चार वेळा धुतलं, उन्हात टाकलं, मोरीच्या दगडावर घासून झिजवलं. टिकल्या नखानं मधूनमधून काढल्या. मग उदबत्ती पेटवून मधोमध भोक पाडलं. पहिलं लहान झालं, म्हणून कड आणखी जाळली, अरीबचं बोट किती जाड आहे ते आठवत. सांगायला लाज वाटते, पण त्या कामात मी रंगून गेले. तुकडा इतका हुबेहूब झाला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

शेवटच्या दिवशी बेगमबी आली. ओसरीवर गर्दी होती, निकालाचे कागद, फुगे, फोटो. अरीब तिच्याशेजारी बाकावर बसला होता. मी गुडघ्यावर बसून तुकडा त्याच्या हातात दिला.

"घे राजा. तुझ्या अम्मीचा."

त्यानं तुकडा घेतला. बोट भोकात घातलं. बरोबर बसलं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं बोट बाहेर काढलं, माझ्याकडं बघितलं आणि मान वळवून समोरच्या भिंतीकडं बघितलं. काचेच्या आत, खालून दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरा, त्याचा तुकडा जिथल्या तिथं होता. गेले तीन महिने तो रोज त्याच्याखालून येत-जात होता. सहा दुकानं फिरताना, उदबत्ती जाळताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानं माझा तुकडा बाकावर ठेवला, वरची धूळ झटकली, वाकळीची घालायचा तशी कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली आणि मला परत दिली. रडला नाही. परत हात मांडीवर ठेवून बसला.

बेगमबीनं ती घडी माझ्या हातातून घेतली. तिचे डोळे कमी झालेत, तिनं भिंतीकडं बघितलं नाही. अंगठ्यानं कापडाची कड चाचपत गेली, चारही बाजूंनी.

"ह्याला माझ्या सुईची भोकं न्हाईत, बेटी," ती म्हणाली.

"दादी, ते मॅडमनी... चौकट उघडता येत न्हाई म्हनून..."

"मॅडमला मी काय बोलले होते का? तुला बोलले होते." ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं घडी माझ्या हातावर ठेवली, अरीबला उठवलं आणि फाटकाकडं चालू लागली. जाताना अरीबनं मागं वळून बघितलं नाही. आमचा नियमच आहे तसा, फक्त तो आयांसाठी आहे.

मॅडम मागं येऊन उभ्या होत्या. "बघितलंस? किती शहाणा झाला. वर्षाच्या सुरुवातीला श्वास कोंडेपर्यंत रडायचा. आज हूं नाही की चूं नाही." त्या खरोखरच खूश होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, "महादेवप्पा, हिचा दाखला आजच बदलून द्या. मी सांगते तसा मजकूर घ्या."

नाही म्हणायचं मला सुचलं नाही, असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं. मी थांबले आणि दाखला घेऊन गेले.

जूनपासून मी उदगीरला आहे. माझा स्वतःचा वर्ग आहे, एप्रिलपर्यंत तो कुणी नेणार नाही. दाखल्याची झेरॉक्स माझ्या सेवापुस्तकात लावलेली आहे. त्यात लिहिलंय की दोन वर्षे अध्यापन केले, आणि रडणाऱ्या मुलांना शांत करण्याचे विशेष कौशल्य आहे. इथंही सकाळी फाटकाशी तोच टाहो असतो. इथल्या बाई रडणारी पोरं माझ्याकडंच पाठवतात. मी त्यांना खांद्यावर घेते, फिरवते, गाणी म्हणते. कुणाच्या आईचं कापड मी अजून मागितलेलं नाही.